पावणेपाच किलोंची होडी आणि तिचे न मोजलेले वजन

१८८३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅक अरण्यात एक एकसष्ट वर्षांचा गृहस्थ एकटाच होडी घेऊन उतरला. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन जेमतेम पन्नास किलो, फुप्फुसे आजाराने पोखरलेली. जोडे शिवणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्याची होडी नऊ फूट लांब होती आणि तिचे वजन होते साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोंच्या आत-बाहेर. एवढ्याशा होडीत बसून, आणि पाणी संपेल तेथे तीच होडी खांद्यावर टाकून, त्याने २६६ मैलांचा प्रवास पुरा केला. किलोमीटरांत सांगायचे तर सव्वाचारशेहून थोडा अधिक.

या गृहस्थाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचे वाचक त्याला ‘नेसमक’ या टोपणनावाने ओळखत. १८८४ मध्ये त्याचे ‘वुडक्राफ्ट’ हे छोटेखानी पुस्तक निघाले आणि मग हलके सामान घेऊन रानात राहण्याच्या विद्येचा तो आद्य आचार्यच ठरला. आज हलक्या सामानाच्या भटकंतीचा इतिहास कोणी सांगू लागला, की पहिल्या दोन-तीन नावांत नेसमकचे नाव हमखास येते. त्याच्या सामानाची यादी दिली जाते, प्रत्येक वस्तूचे वजन सांगितले जाते आणि शेवटी एक चित्र रंगवले जाते: एकटा माणूस, विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर, कोणावाचून काही न अडणारा.

हे चित्र सुंदर आहे, पण अर्धे आहे. सामानाचे वजन हवेत विरत नसते. प्रवाशाच्या खांद्यावरून ते उतरले, तर दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेलेले असते. हे ‘दुसरे कोणीतरी’ कोण, हा प्रश्न नेसमकच्या यादीला विचारल्याशिवाय ती यादी समजत नाही. आणि विचारल्यावर नेसमक लहान होत नाही, उलट अधिक खरा वाटू लागतो.

आधी तो प्रदेश समजून घ्यावा लागेल. ॲडिराँडॅक म्हणजे डोंगर, दाट झाडी आणि हजारो लहानमोठी तळी. ही तळी नद्यांनी आणि ओढ्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत, पण पुरती नाहीत. कोठे धबधबा आडवा येतो, कोठे ओढा गुडघाभरही उरत नाही, कोठे दोन तळ्यांच्या मध्ये एखादी टेकडी असते. अशा ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढायची, उचलायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालत न्यायची. तिकडच्या बोलीत या वाटेला ‘कॅरी’ म्हणतात. काही कॅरी शंभर पावलांच्या, काही मैल-दोन मैलांच्या. त्या मुलखात होडीचे वजन हा शोभेचा आकडा नव्हता. एकट्या माणसाला ते अरण्य खुले आहे की बंद, हे त्या आकड्यावर ठरत असे.

सीअर्स तेथे पोहोचण्याआधी हा प्रश्न पैशाने सुटलेला होता. १८६९ मध्ये बोस्टनचे धर्मोपदेशक विल्यम मरे यांनी ‘ॲडव्हेंचर्स इन द विल्डरनेस’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच उन्हाळ्यात शहरी माणसांचे लोंढे ॲडिराँडॅककडे निघाले. तयारीशिवाय आलेल्या या हौशी मंडळींना वर्तमानपत्रांनी ‘मरेचे मूर्ख’ असे नावही बहाल केले. मरे यांच्या पुस्तकातली व्यवस्था सोपी होती: वाटाड्या भाड्याने घ्यावा. वाटाड्याजवळ स्वतःची ‘गाइडबोट’ असे. पंधरा-सोळा फुटांची, निमुळती, देखणी, साधारण तीस किलो वजनाची. वल्ही वाटाड्या मारी. कॅरी आली, की खांद्यांवर लाकडी जू घालून तो होडी डोक्यावर पालथी घेई आणि चालू लागे. पाहुणे मागून हातात छडी किंवा गळ घेऊन येत. मुक्कामी पोहोचल्यावर स्वयंपाकही वाटाड्याच करी. पाहुण्याने शहरात परतल्यावर लिहिलेल्या प्रवासवर्णनात मात्र क्रियापदे बहुधा पाहुण्याच्या नावावर असत: ‘आम्ही तळे ओलांडले’, ‘आम्ही होडी पलीकडे नेली’.

सीअर्सजवळ वाटाड्याला द्यायला पैसे नव्हते. त्याची कथा येथून सुरू होते आणि आजच्या याद्यांमधून नेमका हाच धागा गळून पडतो. जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. कोवळ्या वयातच त्याला कापडगिरणीत जुंपले गेले. एकोणिसाव्या वर्षी तो देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावी कुटुंबासह स्थिरावला आणि जोडे शिवत, मधूनमधून वर्तमानपत्रांत लिहीत, आयुष्यभर ओढाताणीत जगला. त्याच्या लेखनात हलक्या सामानाचा आग्रह येतो तो या माणसाच्या तोंडून. ज्याला वर्षभर राबून दोन-चार आठवड्यांची सुटी मिळते आणि ज्याच्या गाठीला फारसे काही नाही, असा वाचक त्याच्या डोळ्यांपुढे आहे. वाटाड्या परवडत नाही, म्हणून होडी स्वतः उचलायची. अंगात ताकद बेताची, म्हणून होडी हलकी हवी. होडी हलकी ठेवायची, म्हणून तिच्यात भरायचे सामानही हलके हवे. हा सगळा हिशेब गरजेतून निघालेला आहे, वैराग्यातून नव्हे.

म्हणून त्याने कँटन या गावच्या हेन्री रश्टनला पत्र लिहिले. रश्टन हा त्या काळच्या अमेरिकेतला नामवंत होडीकार. हलक्या होड्यांचे वेड त्यालाही होते. १८८० मध्ये त्याने सीअर्ससाठी बांधलेली पहिली कॅनू अठरा पौंडांना थोडी कमी भरली. तेवढ्यानेच लोक तोंडात बोटे घालत होते. सीअर्सचे समाधान झाले नाही. त्याला आणखी हलकी हवी होती. तिसऱ्या खेपेला रश्टनने जी होडी घडवली ती हीच साडेदहा पौंडांची. पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या, एकीची कड दुसरीवर चढवून ठोकलेल्या. आत एल्म लाकडाच्या नाजूक फासळ्या. रुंदी सव्वीस इंच. बसायला बाकडे नाही. तळाशीच बसायचे आणि दुहेरी पात्याचे वल्हे डावी-उजवीकडे मारीत राहायचे. होडी पाठवताना रश्टनने जी विनवणी केली ती प्रसिद्ध आहे. याहून लहान होडी पुन्हा मागू नका, आणि कॅनू म्हणून ही नकोशी झाली तर सूप वाढायला वापरा, असा त्या पत्राचा आशय. पुढे त्याच रश्टनने सीअर्ससाठी हिच्याहूनही किंचित हलकी होडी बांधली, हा भाग वेगळा.

होडीचे नाव ‘सेअरी गॅम्प’. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरीतली ही दारूबाज दाई. ती पाण्याला शिवत नाही आणि ही होडीही पाणी आत घेत नाही, असा हा विनोद. सीअर्सला असे विनोद आवडत.

आता त्याचे सामान. ‘वुडक्राफ्ट’मध्ये तो सांगतो, की होडी, जादा कपडे, घोंगडीची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, खिशातली कुऱ्हाड, गळाची काठी आणि पाठपिशवी मिळून त्याचे ओझे सव्वीस पौंडांवर कधी गेले नाही. म्हणजे होडीसकट सारे बिऱ्हाड बारा किलोंच्या आत. सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर दोन रात्रींसाठी पाठपिशवी चढवणाऱ्या तरुणाने आपली पिशवी एकदा काट्यावर ठेवून पाहावी. होडी वजा करूनही बहुतेकांचा काटा सीअर्सच्या पुढे जाईल.

या यादीतली प्रत्येक वस्तू विचारपूर्वक ठरलेली आहे. कुऱ्हाड छोटी, दोन्ही बाजूंना धार असलेली, त्याने स्वतः ठरवून करून घेतलेली. बाजारात मिळणाऱ्या जाड, बोथट कुऱ्हाडींवर त्याने बरेच तोंडसुख घेतले आहे. जेवणाची पत्र्याची भांडी एकात एक बसणारी. निवाऱ्याचे कापड साधे सुती, पण चुना आणि तुरटीच्या पाण्यात मुरवून पावसाला दाद न देणारे केलेले. डास आणि काळ्या माश्यांवरचा त्याचा उपायही घरगुती: तीन भाग पाइनचे डांबर, दोन भाग एरंडेल, एक भाग पुदिन्याच्या कुळातल्या पेनीरॉयल या वनस्पतीचे तेल. मंद आचेवर कढवायचे, चेहऱ्याला आणि हातांना चोपडायचे आणि मग धुवायचे नाही. काही दिवसांत कातडीवर तकाकी असलेले कवच चढते, आणि हे कवच म्हणजेच रानातली खरी स्वच्छता, असे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. सहलीचे फोटो टाकणाऱ्या आजच्या पिढीला हा सल्ला फारसा रुचेल असे दिसत नाही.

याच पुस्तकात तो श्रीमंत प्रवाशांची चेष्टाही करतो. वाटाड्या सोबत, रात्री मुक्काम बहुधा हॉटेलात, आणि तरी पाठीवरच्या टोपलीत लोकरीच्या घोंगड्या, रबरी घोंगड्या, तवे, पातेली, अवजड बंदूक, दोन-दोन गळ आणि वर लोंबणारे जादा बूट. एरवी धंद्यात चाणाक्ष असणारी ही माणसे रानात येताना असे का करतात, हे कोडे त्याला कधी सुटले नाही. ही चेष्टा वाचताना हसू येते आणि ती रास्तही आहे. फक्त एवढेच, की १८८३ च्या त्या प्रवासात त्यानेही हॉटेलांचा आणि ओळखीच्या तळांचा आधार घेतला होता. प्रकृती ढासळलेली होती, तो उन्हाळा पावसाळी होता, आणि तळ्यांच्या काठांवर तोवर हॉटेले उभी राहिली होती. दोन दिवसांचा शिधा पुरतो तो तिसऱ्या दिवशी मासा मिळाला तर, नाहीतर कोणाच्या तरी चुलीवर भाकरी मिळाली तर. यादीत ‘दोन दिवसांचा शिधा’ असे शब्द येतात. ती चूल यादीत येत नाही.

त्या काळच्या इतर एकट्या प्रवाशांशी तुलना केली, म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

१८६५ मध्ये स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगर याने ‘रॉब रॉय’ नावाची कॅनू घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकाने कॅनूचा छंद इंग्लंडात आणि अमेरिकेत फोफावला. त्याचे सामान आजही थक्क करते. तीन महिन्यांसाठी एक काळी पिशवी, एक फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच उंच, वजन नऊ पौंड. पण रॉब रॉय स्वतः ऐंशी पौंडांची होती, आणि मॅकग्रेगर रात्री खानावळींत आणि हॉटेलांत झोपे. नदीवरून दुसऱ्या नदीवर जायचे तर कॅनू रेल्वेत चढे, बैलगाडीत चढे, कधी गावातल्या दोन मुलांच्या खांद्यावर चढे. नऊ पौंडांची ती पिशवी युरोपातल्या खानावळींच्या भरवशावर नऊ पौंडांची राहिली. तंबू, अंथरूण, भांडी, शिधा, सारे काही वाटेवर आधीच मांडून ठेवलेले होते आणि त्याच्या खिशात त्याचे पैसे होते.

दुसरा नॅथॅनिएल बिशप. १८७४ मध्ये तो क्वेबेकहून निघाला तेव्हा त्याची लाकडी होडी अठरा फुटांची, तीनशे पौंडांची होती आणि वल्ही मारायला एक मदतनीस सोबत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराजवळ त्याला कागदी होड्या बनवणाऱ्यांचा पत्ता लागला. कागदी म्हणजे खरोखरच कागदी. लाकडी साच्यावर कागदाचे थर चिकटवून दाबायचे, वाळवायचे आणि वर रोगण चढवून पाणी आत शिरणार नाही असे करायचे. अशी चौदा फुटांची, अठ्ठावन्न पौंडांची ‘मारिया थेरेसा’ त्याने घेतली, जुनी होडी सोडली, मदतनिसाला निरोप दिला आणि एकटाच मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेला. एका खरेदीने प्रवासी एकटा झाला! हलकी होडी आली आणि सोबतीची गरज संपली. येथे वजन मदतनिसाच्या दंडांवरून उतरले आणि ट्रॉयच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर गेले. त्या कामगारांपैकी एकाचेही नाव प्रवासाच्या गोष्टीत येत नाही. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना ज्या घरांनी बिशपला रात्रीचा आसरा दिला, त्यांची आठवण मात्र त्याने आपल्या पुस्तकात आस्थेने ठेवली आहे, हे नोंदवले पाहिजे.

या दोघांच्या शेजारी सीअर्सला उभे केले, की त्याचे मोठेपण आणि त्याचा आधार दोन्ही दिसतात. जे उरले ते तो स्वतः उचलत होता. पन्नास किलोंच्या आजारी माणसाने बारा किलो खांद्यावर घेऊन चिखलातून चालणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण जे उरले नाही, ते कोठे गेले? काही भाग रश्टनच्या कार्यशाळेत गेला. लाकूड निवडणे, फळी कागदासारखी रंधणे, ती न फाटू देता खिळे ठोकणे, यात कारागिराचे जे दिवस गेले, ते या प्रवासात हलकेपणा होऊन सीअर्सच्या वाट्याला आले. सीअर्सने हे ऋण कधी लपवले नाही. त्याच्या पत्रांमुळे रश्टनचे नाव देशभर झाले आणि ‘नेसमक’ नमुन्याच्या कॅनू रश्टनच्या सूचीत विक्रीला आल्या. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख होता.

दुसरा आणि मोठा भाग अरण्याने उचलला. याविषयी फारच कमी बोलले जाते.

सीअर्सजवळ गादी नव्हती. ती तो रोज करी. हेमलॉक किंवा बाल्समच्या कोवळ्या हिरव्या डहाळ्या तोडायच्या, बुंधे खाली आणि शेंडे वर असे एकावर एक रचायच्या, की हातभर जाडीचे सुवासिक अंथरूण तयार. तंबूचे खांब नव्हते. तेही रोज कापायचे. घोंगडी पातळ होती, कारण निवाऱ्यासमोर रात्रभर ओंडक्यांची शेकोटी धगधगत असे आणि त्या शेकोटीसाठी झाडे पाडावी लागत. ती खिशातली छोटी कुऱ्हाड म्हणजे खरे तर त्याचा तंबू, त्याची गादी आणि त्याचे जाडजूड पांघरूण, सगळे एकत्र. तिचे वजन काट्यावर मोजले गेले. तिने तोडलेल्या झाडांचे वजन कोणी मोजले नाही, कारण तेव्हा ते मोजण्याचा विषयच नव्हता. एक माणूस, एक रात्र, दोन-चार रोपटी आणि एखादे झाड. अरण्याला त्याचे काय!

पण त्याच पुस्तकाच्या वाचकांनी हजारोंच्या संख्येने तेच केले तर? आज ॲडिराँडॅकच्या सार्वजनिक वनभूमीवर उभे झाड तोडायला बंदी आहे. १८८५ मध्ये तेथील वनांना कायद्याने संरक्षण मिळाले, १८९२ मध्ये ॲडिराँडॅक उद्यानाची स्थापना झाली आणि १८९४ मध्ये ही वने कायम वन्य राहतील असे कलम राज्याच्या घटनेत आले. म्हणजे सीअर्सची यादी आज जशीच्या तशी घेऊन कोणी तेथे गेला, तर पहिल्याच रात्री एकतर तो कुडकुडेल किंवा कायदा मोडेल. आजच्या हलक्या सामानात म्हणून फुगवण्याची गादी असते, पिसांचे पांघरूण असते, धातूचे हलके खांब असतात, गॅसची शेगडी असते. जे ओझे १८८३ मध्ये झाडांवर होते ते आज रासायनिक कारखान्यांवर, खाणींवर आणि प्रवाशाच्या बँकखात्यावर आहे.

या शेवटच्या गोष्टीत मोठा उपरोध भरलेला आहे. सीअर्सने हलकेपणाचा पुरस्कार केला तो गरिबाला रान खुले व्हावे म्हणून. आज हलक्यातले हलके सामान सर्वांत महाग असते. कार्बनची वल्ही, केव्हलारची कॅनू, चमचासुद्धा टायटॅनियमचा. ही यादी सीअर्सच्या नावाने पुढे केली जाते तेव्हा वेल्सबरोच्या त्या जोडे शिवणाऱ्या माणसाला तिच्यातली निम्मी वस्तूही घेता आली नसती, हे विसरले जाते. त्याच्या पद्धतीत पैशाची जागा कौशल्याने भरून निघत होती. ओल्या रानात विस्तव पेटवणे, वारा ओळखून निवारा बांधणे, गळाला मासा लावणे. हे कौशल्य वजन करीत नाही हे खरे, पण ते मिळवायला आयुष्य लागते. आणि कोणीतरी शिकवावे लागते.

येथे त्याच्या टोपणनावाकडे वळावे लागते. ‘नेसमक’ हे नाव त्याने कल्पनेतून काढलेले नाही. ते एका माणसाचे नाव होते. सीअर्सच्या जन्मगावाजवळ निपमक या मूलनिवासी लोकांची राखीव जमीन होती. त्या वस्तीतल्या नेसमक नावाच्या तरुणाने लहानग्या सीअर्सला खांद्यावर घेऊन रानोमाळ हिंडवले, मासे कसे धरावेत, रानात कसे राहावे याचे पहिले धडे दिले, असे सीअर्सनेच सांगून ठेवले आहे. त्या शब्दाचा अर्थ रानबदक असा तो देतो. हलक्या सामानाचा आद्य आचार्य म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा आचार्य हा होता. आणि त्याने एक लहान मूल खांद्यावर वाहिले होते. ओझ्याच्या इतिहासात या ओझ्याची नोंद असायला हरकत नसावी.

सीअर्सने त्याचे नाव घेतले, उजळ माथ्याने घेतले आणि ते कोठून आले हेही लिहिले. त्या काळात एवढेही फार थोड्यांनी केले. तरीही या देवघेवीचा तोल सरळ नाही. शिष्याच्या सहीमुळे गुरूचे नाव अमेरिकाभर गेले, पण गुरू स्वतः त्या नावामागे नाहीसा झाला. त्याचे पुढे काय झाले, हे त्या गौरवगाथांत येत नाही. त्याच्या लोकांचे काय झाले ते कागदोपत्री आहे. १८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून मूलनिवासींना नागरिकत्व दिले आणि त्याबरोबरच त्यांच्या सामायिक जमिनींचे संरक्षण काढून घेतले. ज्या वर्षी मरे यांच्या पुस्तकाने शहरी माणसांना अरण्याचा मोह घातला, तेच हे वर्ष. ॲडिराँडॅकमध्येही चित्र फारसे वेगळे नव्हते. लाँग लेकचा मिचेल सबॅटिस हा अबेनाकी वाटाड्या त्या प्रदेशातल्या सर्वांत नावाजलेल्या वाटाड्यांपैकी एक होता. खुद्द कॅनू हेच या लोकांचे देणे: भूर्जाच्या सालीची, एका माणसाला उचलता येणारी, कोठेही दुरुस्त होणारी होडी. हलकी होडी खांद्यावर टाकून तळ्याकडून तळ्याकडे जाण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या कोण्या साप्ताहिकात जन्मलेली नाही. रश्टनच्या सीडरच्या होडीआधी शेकडो वर्षे त्या कॅरींवर पायवाटा पडल्या होत्या, आणि सीअर्स त्यांच्यावरूनच चालला.

यावर एक आक्षेप घेता येईल. प्रत्येक प्रवासामागे कोणी ना कोणी असतेच, मग बिचाऱ्या सीअर्सलाच का जाब विचारायचा? आक्षेप वाजवी आहे. जाब सीअर्सला नाहीच. त्याने वाटाड्यांविषयी आदराने लिहिले, रश्टनला श्रेय दिले, आपल्या बालपणीच्या गुरूचे नाव धारण केले. जंगलतोडीने, कातडी कमावण्याच्या कारखान्यांनी आणि धरणांनी नद्यांची केलेली दैना पाहून त्याने तळमळीने लिहिले. बंधाऱ्यांमागे तुंबलेल्या पाण्यात उभी मेलेली झाडे त्याने ॲडिराँडॅकमध्ये पाहिली होती. जाब विचारायचा तो त्याच्या मागून आलेल्या गौरवकारांना. त्यांनी यादी ठेवली आणि माणसे गाळली. सव्वीस पौंड हा आकडा पाठ केला, पण तो आकडा का हवा होता हे सांगितले नाही. होरेस केफार्टने १९०६ मध्ये आपले गाजलेले ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ नेसमकच्या स्मृतीला अर्पण केले, तेव्हा निदान गुरुशिष्यांची ती साखळी पुस्तकाच्या पहिल्या पानावर तरी होती. आता ती तेथेही सापडत नाही. सापडतात ती फक्त वजने, आणि त्यांच्याखाली खरेदीचे दुवे.

एकट्याने केलेल्या प्रवासाचे कौतुक करू नये असे कोणी म्हणणार नाही. पहाटेच्या धुक्यात फुल्टनच्या तळ्यांवर पावणेपाच किलोंच्या टरफलात बसून एकटाच वल्हे मारणारा तो म्हातारा कोणालाही हेवा वाटावा असाच आहे. वादळ आले तर त्याला सोडवायला कोणी नव्हते. हे एकटेपण खरे होते. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र यादी वाचताना दोन रकाने आखावेत: काय सोबत नेले, आणि जे नेले नाही त्याची सोय कोणी केली. पहिला रकाना प्रवासी स्वतःच भरून ठेवतो. दुसरा भरायला हॉटेलांच्या नोंदी, कारागिरांच्या सूची, वाटाड्यांच्या वंशजांच्या आठवणी, जमिनींचे कायदे आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे पाहावे लागतात. काम किचकट आहे आणि त्याला टाळ्या कमी पडतात.

त्या प्रवासानंतर सेअरी गॅम्प सीअर्सजवळ राहिली नाही. ती न्यूयॉर्कला ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’च्या कचेरीत गेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, पण तेव्हा सीअर्स हयात नव्हता. १८९० च्या मे महिन्यात वेल्सबरोला त्याचा अंत झाला होता. होडी पुढे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाली, आणि तेथून ब्लू माउंटन लेकच्या काठावरच्या संग्रहालयात, तिच्या जुन्या पाण्यापासून जवळच, पाहायला ठेवली गेली. त्याच संग्रहालयात वाटाड्यांच्या जुन्या गाइडबोटीही आहेत, आणि त्यांच्यासोबत खांद्यांवर घ्यायची ती लाकडी जुवे.